अस्वलं झालेल्या मुली

माझ्या मुलीने शाळेत ग्रीक घेतलं तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली बरीच मुलं इंटरनॅशनल शाळेत जातात. आम्ही तिला पहिल्यापासून डच शाळेत घातलं, आणि प्राथमिक शाळा संपताना तिच्या शिक्षकांनी जिम्नॅशियमची शिफारस केली. जिम्नॅशियम म्हणजे जिथे बाकीच्या विषयांबरोबर लॅटिन आणि ग्रीकही शिकवतात अशी इथली माध्यमिक शाळा. पुण्याला फोन करून आईला सांगितलं, तर तिला वाटलं नात व्यायामशाळेत जाणार. नवरा म्हणाला, वर्ष-दोन वर्षांत सोडेल, बहुतेक मुलं सोडतातच.

तिने सोडलं नाही. सायकलवरून भिजून आली की रेनकोट रेडिएटरवर टाकायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती वळणदार अक्षरं पुटपुटत राहायची. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना ती शब्द असे काही पारखून घेते की तोवर आपणच वाक्य पूर्ण करून टाकतो. तसं करू नये हे मला कळायचं, तरी माझ्याकडून व्हायचं.

ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा, ऑगस्टच्या अखेरीला, माझ्या सासूबाई ठाण्याहून आल्या. सत्तरी ओलांडलेली, बँकेत आयुष्यभर नोकरी केलेली, सासरे गेल्यापासून एकटी राहणारी बाई. बोलणं कमी. सकाळी पायांत बूट चढवून कालव्याच्या कडेने फेरी मारून यायच्या, मग माझ्या मागे लागून भाजी चिरून द्यायच्या. आमच्यात कधी वाद झाला नव्हता. तशा कधी निवांत गप्पाही झाल्या नव्हत्या. त्यांना काय आवडतं हे मला नवऱ्याकडून कळायचं, आणि मला काय आवडतं हे बहुधा त्यांनाही त्याच्याकडूनच.

शेवटच्या वर्षाला इथे प्रत्येक मुलाला स्वतः विषय निवडून एक मोठा प्रकल्प करावा लागतो, आणि तो एका संध्याकाळी शाळेत सगळ्यांसमोर मांडावा लागतो. मुलीने विषय निवडला होता तो असा: प्राचीन ग्रीसमध्ये मुली शाळेत जात नसत, मग त्या शिकायच्या कुठे? एका रात्री जेवताना तिने तो आजीला समजावून सांगितला. अर्धं इंग्रजी, अर्धं डच, मध्येच आजीसाठी शोधून आणलेला एखादा मराठी शब्द. बहुतेक मुलींना लिहिणं-वाचणं कुणी शिकवायचं नाही, ती म्हणाली. पण त्या देवीसाठी वस्त्र विणायच्या, नैवेद्याचं पीठ दळायच्या, मिरवणुकीत टोपली घेऊन चालायच्या. फेर धरून नाचायच्या आणि नाचता नाचता देवांच्या गोष्टी गायच्या. त्या गोष्टींतूनच त्यांना कळायचं की मुलीने कसं वागायचं, लग्न म्हणजे काय, आणि नाही ऐकलं तर काय होतं.

"आणि काही मुलींना अस्वल व्हावं लागायचं," ती म्हणाली.

अथेन्सपासून थोड्या अंतरावर, समुद्राजवळच्या पाणथळ जागी आर्टेमिस नावाच्या देवीचं ठाणं होतं. आर्टेमिस म्हणजे रानाची, शिकारीची आणि लहान मुलींचीही देवी. तिथे एक अस्वलीण यायची. माणसाळलेली होती. एका लहान मुलीने तिची खोडी काढली, तर तिने पंजा मारला आणि मुलीला जखम झाली. मुलीच्या भावांनी चिडून अस्वलीण मारून टाकली. मग देवी कोपली आणि गावात रोगराई आली. कौल लावला तेव्हा उत्तर आलं की गावातल्या मुलींनी लग्नाआधी देवीच्या ठाण्यात अस्वल होऊन तिची सेवा करावी. तेव्हापासून पाच-सात वर्षांच्या मुली तिथे जायच्या, केशरी वस्त्रं नेसायच्या, अस्वलासारख्या नाचायच्या आणि धावायच्या. सेवा संपली की केशरी वस्त्र उतरवून घरी यायच्या. पुढे मोठ्या झाल्या की लग्न.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "अस्वलीण मारली भावांनी," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि फेडायचं मुलींनी."

मुलगी 'फेडायचं' या शब्दापाशी अडली. मी अर्थ सांगितला. मग ती म्हणाली की वर्गात ही गोष्ट त्यांनी खूप वेळा वाचली, पण कुणीच असं विचारलं नाही. रानातलं जनावर आणि लहान मुलगी दोघांना माणसाळवावं लागतं अशी त्या लोकांची समजूत होती, एवढंच शिक्षिकेने सांगितलं होतं. सासूबाईंनी ताक मागून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हरितालिका आली. मी लग्न झाल्यापासून ती करत आले आहे, कडक उपास करून. मूर्ती पुण्याहून आणलेल्या आहेत. पिंड करायला वाळू मी झांडफोर्टच्या किनाऱ्यावरून आणते आणि बरणीत भरून ठेवते. पत्री म्हणून जी पानं मिळतील ती शेजारच्या बागेतून. दरवर्षी त्या दिवशी सासूबाईंचा ठाण्याहून फोन यायचा आणि पहिला प्रश्न हाच असायचा, उपास केलास का? मी हो म्हणायचे. मग त्या 'बरं' म्हणायच्या आणि फोन नवऱ्याकडे जायचा. ते 'बरं' ऐकलं की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी तर सासूबाई घरातच होत्या, म्हणून मी पाणीसुद्धा प्यायले नाही. सकाळी पूजा केली आणि वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्या दिवशी नेमकी एकामागून एक मीटिंग होती. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. हातात ताटली, तिच्यात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. त्यांनी ती कीबोर्डशेजारी ठेवली.

"खाऊन घे."

मी माइक बंद केला आणि म्हणाले, "आई, आज हरितालिका आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही दरवर्षी विचारता ना, उपास केलास का म्हणून."

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर शेजारचा म्हातारा कुंपण कातरत होता. "तू कधीतरी नाही म्हणशील म्हणून विचारायचे," त्या म्हणाल्या. "ऑफिसला जाणारी बाई, इथली थंडी. तू दरवर्षी हो म्हणायचीस. मग मला वाटलं हिची श्रद्धा आहे, आपण का मोडता घालायचा."

माझी श्रद्धा होती का, हे मी तोवर स्वतःला विचारलेलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं की मी तर तुमच्यासाठी करत होते. त्या वळल्या आणि म्हणाल्या की त्यांनी स्वतः तो उपास लग्नाआधीच सोडला होता. सासरी सगळ्यांना वाटायचं त्या करतात. बँकेच्या कँटीनमध्ये त्या दिवशी त्या नेमाने डोसा खायच्या. का सोडला ते मी विचारलं, तर म्हणाल्या, सांगेन कधीतरी. थालीपीठ गरम होतं. मी ते खाल्लं आणि मीटिंगमध्ये परत गेले. माझ्यावर काहीही कोसळलं नाही, फक्त झोप आली.

नवरात्रात इथल्या मराठी मंडळाचा भोंडला असतो. सोसायटीच्या सभागृहात मध्ये पाटावर हत्तीचं चित्र आणि भोवती बायका-मुलींचा फेर. खिरापत म्हणून कुणी काय आणलंय ते ओळखायचं. मला तो लहानपणापासून प्रिय आहे. गाणी मला अजून सगळी पाठ आहेत, आणि इथे नव्याने आलेल्या मुलींना ती शिकवायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. त्या वर्षी माझी मुलगी बऱ्याच वर्षांनी आली, आणि आली ती बघायला. फेराच्या बाहेर खुर्ची घेऊन बसली, शेजारी आजी. घरी येताना ट्राममध्ये ती म्हणाली की हे अगदी तेच आहे. मध्ये जनावर, भोवती मुली, आणि गाण्यांत सगळं सासर. सासूने काय म्हटलं, नणंदेने काय केलं, माहेरी पाठवतील का. चार वर्षांच्या मुलीसुद्धा ते गात होत्या. तिच्या बोलण्यात टोचून बोलल्यासारखं काही नव्हतं, एखादी गोष्ट सापडल्याचा आनंद होता. पण मला ते लागलं. मी म्हटलं की आम्हाला त्यात मजा यायची, बाकी काही नाही. कुणी आम्हाला काही शिकवत नव्हतं.

"तिचं खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुला मजा यायची, तेही खरं आहे. मजा आली नसती तर शिकली असतीस का?"

मला त्या रात्री खूप वेळ आठवत राहिलं की त्या फेरात मी खरंच काय शिकले. मोठ्या बायकांच्या ओळीत उभं कसं राहायचं, हात कुणाचा धरायचा, सासरबद्दल तक्रार करायची ती गाण्यात करायची आणि एरवी गप्प बसायचं. दहा-अकरा वर्षांची असताना माझं हे सगळं शिकून झालं होतं. त्याला शिकणं म्हणतात हे मात्र मला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या एका रविवारी दुपारी तिघी स्वयंपाकघरात होतो. मुलगी लॅपटॉपवर प्रकल्पासाठी चित्रं निवडत होती. आर्टेमिसच्या त्या ठाण्याच्या जागी, ब्राउरॉनला, मुलींनी वाहिलेली छोटी मातीची भांडी सापडली आहेत. त्यांवर काळ्या रंगात, घाईने काढल्यासारख्या, लहान मुली आहेत. सासूबाई चष्मा लावून वाकल्या.

"ह्या पळतायत," त्या म्हणाल्या.

मुलीने चित्र मोठं केलं. केस मोकळे, हात पुढे फेकलेले, एक पाय हवेत. एक मुलगी मान मागे वळवून बघत होती. माझी मुलगी म्हणाली की शर्यत असायची बहुधा, विधीचाच भाग. सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि कुणी काही विचारायची वाट न बघता सांगायला लागल्या.

त्या सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी वाढल्या. शाळेत त्यांच्याइतकं जोरात कुणी धावत नसे, मुलगेसुद्धा नाहीत. खेळाच्या शिक्षकांनी तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्यांचं नाव दिलं होतं. त्याच सुमाराला हरितालिका आली. घरातल्या कुमारिका म्हणून त्यांनी उपास धरला, पूजा मांडली. संध्याकाळी त्यांचा मोठा भाऊ चेंडू घेऊन घरात धावत आला आणि त्याचा पाय लागून वाळूची पिंड विस्कटली. भावाला कुणी काही म्हटलं नाही. मुलगा आहे, खेळायचाच. पण व्रत मोडलं, आणि लक्ष ठेवायचं काम मुलीचं होतं. त्यांच्या आजीने ठरवलं की मुलीने पुढचे सगळे सोमवार निर्जळी करायचे, दिवाळीपर्यंत. नाहीतर चांगलं घर मिळणार नाही. कहाणी त्यांना माहीत होतीच. व्रत मोडणाऱ्या बाईचं काय काय होतं हे त्यांनी दर श्रावणात ऐकलं होतं, आणि त्यांना त्याची खरी भीती वाटायची.

स्पर्धा सोमवारी होती.

"मग?" मुलीने विचारलं. हे तिने मराठीत विचारलं.

"मग धावले. अर्ध्यापर्यंत पहिली होते. वळणावर डोळ्यांपुढे अंधार आला आणि पडले. गुडघा फुटला. सरांनी उचलून सावलीत आणलं आणि पाणी पुढे केलं, तर मी तोंड मिटून घेतलं. पाणी प्यायचं नव्हतं ना." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "पुढच्या वर्षी मी मोठी झाले, म्हणून धावणं बंद. भावाला हे काही माहीत नाही. तो आता कोल्हापूरला असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं."

मुलीने विचारलं की हे प्रकल्पात लिहिलं तर चालेल का. सासूबाई म्हणाल्या, लिही, पण मला वाचून दाखव.

तिने लिहायला आठवडाभर घेतला. मग एका संध्याकाळी डचमध्ये लिहिलेलं ती एकेक वाक्य मराठीत करून वाचू लागली. मला दर दुसऱ्या शब्दाला मदत करावीशी वाटत होती, पण या वेळी मी भांडी घासत राहिले. तिला वेळ लागला, पण तिचं तिला जमलं. शेवटचं वाक्य होतं की सावलीत बसून ती मुलगी रडली, तिला खूप वाईट वाटलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "रडले नाही. मला राग आला होता. तसं लिही."

"कुणाचा राग?"

"भावाचा, आजीचा. देवीचाही. त्या दिवशी ठरवलं की माझ्या पोटात काय जाईल ते मी ठरवणार." मग जरा हसून म्हणाल्या, "देवीचं लिहू नकोस."

मुलीने देवीचंही लिहिलं. आजीने दुसऱ्यांदा ऐकताना हरकत घेतली नाही.

सादरीकरण नोव्हेंबरात होतं. सासूबाई साडीवर माझा जाड कोट घालून आल्या, डोक्याला मफलर. वर्गखोलीत पालक, काही मुलं, आणि ग्रीक शिकवणारी शिक्षिका, पिकल्या केसांची, उंच, हसरी. मुलीने अस्वलांची गोष्ट सांगितली, भांड्यांवरच्या मुली दाखवल्या, आणि मग म्हणाली की आता ती एका अशा मुलीबद्दल सांगणार आहे जी या खोलीत बसली आहे. सगळ्यांनी वळून बघितलं. सासूबाई ताठ बसून राहिल्या.

बोलून झाल्यावर प्रश्न सुरू झाले. शिक्षिकेने सासूबाईंना इंग्रजीत विचारलं की त्यांना काही म्हणायचं आहे का. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, बँकेत त्याच भाषेत त्यांनी आयुष्य काढलं. पण त्या नातीकडे बघून मराठीत म्हणाल्या, "मी आपल्या भाषेत विचारते, तू त्यांना सांग."

मुलगी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"त्या मुली घरी परत गेल्यावर काय म्हणाल्या, ते कुठे लिहून ठेवलंय का?"

मुलीने ते डचमध्ये सांगितलं. शिक्षिका म्हणाली की नाही. जे काही माहीत आहे ते पुरुषांनी लिहिलेलं आहे, नाहीतर भांड्यांवर आणि दगडांवर आहे. अस्वल झालेल्या एकाही मुलीचं स्वतःचं वाक्य आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यांना ते आवडायचं की नकोसं व्हायचं, आपल्याला कधीच कळणार नाही.

मुलीने ते मराठीत केलं. 'कधीच कळणार नाही' हे शब्द तिने न अडखळता म्हटले. सासूबाईंनी मान हलवली.

"काहींना आवडलं असेल," त्या म्हणाल्या. "घरापासून लांब, मोकळं धावायला मिळत होतं. तेवढंच मिळालं असेल कुणाकुणाला. मलाही धावायला आवडायचं. त्यांना सांग, वाईट तेवढंच लिहू नका."

मुलीने तेही सांगितलं. नंतर कॉफी पिताना शिक्षिका सासूबाईंशी बराच वेळ इंग्रजीत बोलत होती. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. दोघींच्या हातांत बिस्किटं होती आणि सासूबाई हाताने वळण काढून दाखवत होत्या, मैदानावरचं असावं.

प्रकल्पाला गुण चांगले मिळाले. त्याच आठवड्यात सासूबाई ठाण्याला परत गेल्या. तिथे पोचल्यावर त्यांनी कोल्हापूरला भावाला फोन करून सगळं सांगितलं. त्याला पिंड विस्कटल्याचं अजिबात आठवत नव्हतं. चेंडू मात्र आठवत होता, लाल रंगाचा, मिरजेहून आणलेला. "मला वाटलंच होतं," असं म्हणून त्या खूप हसल्या.

मुलगी आता युट्रेख्टला शिकते. ग्रीक नाही, कायदा. रविवारी ती स्वतःहून ठाण्याला फोन लावते. त्या दोघी काय बोलतात ते मला तुकड्या-तुकड्यांत कळतं: बँकेतला संप, पहिला पगार, कँटीनमधला डोसा. परवा ती घरी आली होती आणि वरच्या खोलीत बसून फोनवर बोलत होती. मी जिन्याने जाताना तिचा आवाज ऐकला. ती मराठीत सावकाश, शब्द शोधत विचारत होती की मग मॅनेजर काय म्हणाला, आणि तू काय म्हणालीस. मी खाली जाऊन भाताला फोडणी घातली.